चार हात, एक काच : विद्यार्थी अ‍ॅनिमेशनपटाच्या दिग्दर्शनाचं एक प्रकरण

प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे. आकडे असे धरलेत की सहा जणांच्या कुठल्याही संघाला आपला हिशेब त्यावर ताडून पाहता यावा.

सहा विद्यार्थी, चोवीस आठवडे, हाताने काढलेला द्विमित अ‍ॅनिमेशनपट. गोष्ट एका ओळीची: एक उंच आणि एक बुटका माणूस वाऱ्याच्या दिवशी एक मोठी काच गल्लीबोळांतून वाहून नेतात. संवाद नाहीत. दिग्दर्शिकेने बोर्ड, म्हणजे शॉटवार चित्रांचा आराखडा, काढला. उंच्याचं आणि बुटक्याचं काम दोन वेगळ्या अ‍ॅनिमेटरांकडे गेलं. चौथ्याकडे लेआउट (चौकटीची मांडणी) आणि पार्श्वभूमी, पाचवीकडे रंग आणि कंपॉझिटिंग (सगळे थर एका चित्रात जोडणं), सहाव्याकडे निर्मितीचं समन्वयन, संपादन आणि ध्वनी. संगीतकार संघाबाहेरचा.

कागदावरची योजना बरी होती. सहाव्या आठवड्यात अ‍ॅनिमॅटिक (बोर्डाची चित्रं वेळेनुसार जोडून केलेला कच्चा चित्रपट) कुलूपबंद, सातव्यापासून अ‍ॅनिमेशन, क्लीनअप (कच्च्या रेषा स्वच्छ करून काढणं) आणि रंग दोन आठवड्यांच्या अंतराने मागून, एकविसाव्यापर्यंत कंपॉझिटिंग, बाविसाव्यात ध्वनिमिश्रण, शेवटचे दोन आठवडे राखीव. अकराव्या आठवड्याच्या शेवटी समन्वयकाने रील, म्हणजे तोवरचे सगळे शॉट क्रमाने जोडलेला चित्रपट, लावली तेव्हा ४४ शॉटपैकी ६ मंजूर होते, ४ ‘जवळपास झालेले’, ९ मध्ये नुसत्या की-पोज (हालचालीतल्या मुख्य मुद्रा) आणि २५ ना हातही लागलेला नव्हता. संघातले सगळे जण मात्र थकलेले होते. रिकामं कुणीच बसलं नव्हतं, आणि प्रकरण तपासण्याजोगं आहे ते त्यामुळेच.

आधी मोजमाप

‘किती शॉट झाले’ हा प्रश्न दिग्दर्शनाच्या कामाचा नाही. एका शॉटमध्ये माणूस तीन सेकंद खिडकीतून बघतो, दुसऱ्यात दोघं काच तिरपी करून जिना उतरतात. दोन्ही ‘एक शॉट’. मोजायचं ते पात्र-सेकंद: पडद्यावर जितकी पात्रं, गुणिले तितके सेकंद. त्या वेळच्या अ‍ॅनिमॅटिकची लांबी ३ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे २२० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने ५,२८० फ्रेम. नामावली आणि रिकाम्या चौकटी मिळून २५ सेकंद वजा केले की १९५ उरतात. त्यांत १२० सेकंद दोन पात्रं, ७५ सेकंद एकच. बेरीज ३१५ पात्र-सेकंद. ‘दोनवर’ काढायचं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरायचं, तर सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे ३,७८० चित्रं. क्लीनअप आणि रंग यात धरलेले नाहीत.

आता वेग. एक्स-शीट (कोणतं चित्र कोणत्या फ्रेमला हे लिहिलेले तक्ते) चाळल्या तर दोन्ही अ‍ॅनिमेटरांनी मिळून पाच आठवड्यांत टाय-डाउनपर्यंत, म्हणजे कच्चं चित्र नेमक्या आकारात पक्कं होईपर्यंत, ५२.५ पात्र-सेकंद काढले होते, आठवड्याला साडेदहा. विद्यार्थ्यांसाठी हा वेग चांगलाच म्हणायचा. पण मंजूर झालेले होते २८, म्हणजे आठवड्याला साडेपाचच्या आसपास. उरलेलं काम एकतर उत्तराची वाट बघत पडलेलं होतं किंवा बोर्ड बदलल्यामुळे केरात गेलेलं.

अख्ख्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हा फरक आहे. हात साडेदहाने चालत होते आणि चित्रपट साडेपाचने पुढे सरकत होता. मधला निम्मा वेळ दिग्दर्शनात गळत होता.

गळती कुठे होती

पहिलं म्हणजे अ‍ॅनिमॅटिक कुलूपबंद झालं ते नावापुरतं. सहाव्या आठवड्यानंतरही दिग्दर्शिका बोर्डाची पानं बदलत होती. बदल वाईट नव्हते, काही तर सरळ सुधारणा होत्या. पण बोर्डावर पंधरा मिनिटांत होणारा बदल टाय-डाउन झालेल्या शॉटवर येतो तेव्हा त्याची किंमत आठवडाभराची असते, आणि ती दुसऱ्याच्या आठवड्यातून वसूल होते. बोर्ड काढणारीच दिग्दर्शिका असली की हा मोह अधिकच. तिला पान बदलताना काहीच जड जात नाही.

दुसरं, ती रात्री अ‍ॅनिमेटरांच्या फायलींत शिरून त्यांच्या की-पोजवर स्वतःच्या रेषा काढायची. मदत म्हणूनच. सकाळी अ‍ॅनिमेटरला आपली पोज पुसलेली दिसायची, कारण कळायचं नाही, आणि नव्या पोजचं टायमिंग जुन्या एक्स-शीटशी जुळायचं नाही. दोन आठवड्यांत दोघांनीही पोज पूर्ण करणं सोडून दिलं. ‘ती बदलणारच आहे’ म्हणून अर्धवट पोज द्यायच्या. त्या अर्धवट दिसल्या की ती आणखी बदलायची. हे चक्र बाहेरून आळशीपणासारखं दिसतं.

तिसरं, उत्तराला लागणारा वेळ. शॉट दाखवल्यापासून ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘हे बदला’ मिळेपर्यंत सरासरी चार दिवस जात होते, कारण दिग्दर्शिकेने स्वतःकडे नऊ शॉटचं अ‍ॅनिमेशन घेतलं होतं. विद्यार्थी संघात हे हटकून घडतं: सगळ्यांत चांगलं चित्र काढणारी व्यक्ती दिग्दर्शक होते, मग तिच्याकडेच अवघड शॉट जातात, आणि संघातला एकमेव निर्णय घेणारा माणूस सर्वांत व्यग्र होऊन बसतो.

चौथं लहान, पण खर्चीक. सूचना तोंडी, चहाच्या टेबलावर, आणि तिघांकडून यायच्या. ‘काच अजून जड वाटायला हवी’ हे दिग्दर्शिकेचं, ‘हालचाल हलकीफुलकी हवी’ हे समन्वयकाचं. अ‍ॅनिमेटरने दोन्ही ऐकून मधलं काहीतरी काढलं. मधलं म्हणजे दोन्ही नाही.

कापाकापी

बाराव्या आठवड्याच्या सोमवारी संघाने तीन तास बसून हिशेब मांडला. उरलेलं काम ३१५ वजा २८, म्हणजे २८७ पात्र-सेकंद. साडेदहाच्या वेगाने सत्तावीस आठवडे लागले असते. हातात अ‍ॅनिमेशनसाठी विसाव्यापर्यंतचे नऊ आठवडे होते, म्हणजे ९४.५ पात्र-सेकंद. दिग्दर्शिकेने झोप सोडून काढलं असतं तरी हा खड्डा बुजला नसता.

पहिला वार लांबीवर झाला. काचेच्या दुकानातला प्रारंभ गेला: ३ शॉट, १६ सेकंद. चित्रपट आता काच खांद्यावर असतानाच सुरू होतो, आणि खरं तर तो तिथूनच सुरू व्हायला हवा होता. कुत्र्याचं उपकथानक गेलं: ५ शॉट, २६ सेकंद. चार पायांचं चालणं-धावणं संघात कुणीही आधी केलेलं नव्हतं, चाचणीही झाली नव्हती. ज्याची चाचणी झालेली नाही असं पात्र अकराव्या आठवड्यात चित्रपटात असूच नये. तीन प्रतिक्रियांचे शॉट, १३ सेकंद, गेले. उरलेल्या ३३ शॉटमधून फ्रेमा खरवडून १० सेकंद काढले. नवी लांबी २ मिनिटं ३५ सेकंद, ३,७२० फ्रेम.

नवा हिशेब: दोन पात्रं ७० सेकंद, एक पात्र ६५ सेकंद, बेरीज २०५. मंजूर सहांपैकी एक शॉट कापला गेल्याने हातात आलेलं काम २४ उरलं. उरलेलं १८१, म्हणजे अजून खूप होतं.

दुसरा वार चित्रचौकटीवर, आणि विद्यार्थी दिग्दर्शक इथेच कमी पडतात. काम कमी करायचं म्हणजे अ‍ॅनिमेटरला ‘साधं काढ’ सांगायचं, असा समज असतो. साधं काढलेलं साधंच दिसतं. त्याऐवजी चौकट अशी लावायची की जे काढायचं नाही ते दिसूच नये. काच उभी धरली तर मागच्या माणसाचं धड चौकटीच्या कडेबाहेर ठेवता येतं आणि काचेखालून फक्त त्याची पावलं दिसतात. पावलं अडखळली की माणूस अडखळला हे कळतं, चेहऱ्याची गरज नाही. पाच शॉट असे पुन्हा लेआउट केले आणि १८ पात्र-सेकंदांचं पूर्ण शरीराचं काम वाचलं. लेआउटवाल्याचे यात तीन दिवस गेले.

होल्डमधून ३५ गेले. होल्ड म्हणजे मेलेलं चित्र नव्हे: पात्र थांबलेलं, पण वाऱ्याने सदऱ्याची बाही तीन चित्रांच्या चक्रावर हलते आहे आणि काचेतलं प्रतिबिंब सरकतं आहे. चालण्याच्या चक्रांमधून, म्हणजे एकदा काढलेली पावलांची चित्रं पुन्हापुन्हा वापरून, ३० गेले. उरले ९८. क्षमता ९४.५. साडेतीनचा फरक त्या ‘जवळपास झालेल्या’ चार शॉटमध्ये आधीच झालेल्या कामाने भरून निघाला.

सोमवारी संध्याकाळी अ‍ॅनिमॅटिक खरंच कुलूपबंद झालं. नियम असा ठरला की यापुढे बोर्डात बदल हवा असेल तर दिग्दर्शिकेने तितक्याच पात्र-सेकंदांचं दुसरं काही कापून दाखवायचं. बाराव्यानंतर असे दोनच बदल झाले.

दिग्दर्शिकेने काय सोडलं, काय धरलं

तिने स्वतःकडचे नऊपैकी सात शॉट सोडले. तिला हे सर्वांत जड गेलं असणार. ठेवलेले दोन शेवटचे होते, ज्यांच्यावर दुसरं कुणी अवलंबून नव्हतं.

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटांचं रोजचं पाहणं सुरू झालं. प्रत्येक शॉट तीन फाटकांतून जायचा: की-पोज, टाय-डाउन, क्लीनअप. की-पोजच्या फाटकात अभिनय आणि टायमिंगवर बोलायचं, टाय-डाउनमध्ये वजन, कमानी (हालचालीचे वक्र मार्ग) आणि मॉडेलवर (पात्राचं ठरलेलं रूप), क्लीनअपमध्ये फक्त चुकांवर. तिसऱ्या फाटकात ‘इथे तो हसला तर?’ असं म्हणायला बंदी. सांगायला सोपं, पाळायला अवघड, कारण अभिनयातली उणीव खूपदा क्लीनअप झाल्यावरच डोळ्यांत भरते. तेव्हा ती गिळायची.

सूचना लेखी द्यायची, फ्रेम क्रमांकासह, आणि काय चुकीचं वाचलं जातंय ते लिहायचं, कसं काढायचं ते नाही. ‘काच जड वाटायला हवी’ यातून अ‍ॅनिमेटरला काहीच मिळत नाही. लेखी सूचना अशी: ‘शॉट १४०, फ्रेम ३१ ते ४३: काच उचलताना गुडघे आणि काच एकाच वेळी वर जातात, म्हणून काच पुठ्ठ्याची वाटते. आधी शरीर खाली, काच जागेवरच, मग काच सुटते.’ प्रत्येक सूचनेपुढे तीनपैकी एक खूण: ‘हवंच’, ‘वेळ उरला तर’, ‘नुसती कल्पना’. की-पोजच्या फाटकात एका शॉटला तीनहून अधिक ‘हवंच’ द्यायची नाहीत. चार देण्याजोग्या असतील तर शॉट फसलेला आहे. तो सुधारायचा नाही, बसून नव्याने आखायचा.

वरून रेषा मारायची वेळ आलीच तर वेगळ्या लेयरवर, शॉटला एकदाच, अ‍ॅनिमेटर शेजारी असताना. मूळ चित्र पुसायचं नाही.

उत्तर चोवीस तासांत. दिग्दर्शिका हजर नसेल तर त्या पात्राचा अ‍ॅनिमेटर निर्णय घेईल आणि तो निर्णय ती आल्यावरही टिकेल. या नियमाचा वापर मोजून तीनदा झाला, पण नियम आहे म्हटल्यावर ती वेळेवर येऊ लागली.

रंग आणि प्रकाशाबाबत शेवटचा शब्द रंगाच्या मुलीचा. दिग्दर्शिकेने ‘हा प्रसंग थंड वाटत नाही’ म्हणायचं, ‘निळा वाढव’ म्हणायचं नाही. समन्वयकाच्या आणि इतरांच्या सूचना साप्ताहिक पाहण्यात ऐकायच्या, पण अ‍ॅनिमेटरपर्यंत त्या फक्त दिग्दर्शिकेच्या यादीतून जाणार. पिक्सार या अमेरिकी अ‍ॅनिमेशन स्टुडिओतल्या ‘ब्रेनट्रस्ट’ बैठकांचं तत्त्व साधारण असंच होतं: सूचना मोकळेपणाने द्या, पण त्या मान्य करायचं बंधन दिग्दर्शकावर नाही. सहदिग्दर्शनाची रीतही आहे. पॅरिसच्या गोबलाँ या अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या शाळेत पदवीपट संघाने केले जातात आणि दिग्दर्शक म्हणून संघाची नावं लागतात. पण तिथेही एखाद्या शॉटवर ‘हो’ कुणी म्हणायचं हे कुणाला तरी ठरवावं लागतंच.

काच कुणाची?

दोन अ‍ॅनिमेटर, दोन पात्रं, आणि दोघांच्या हातात एकच वस्तू. ‘अरे, काच तुझ्याकडे आहे की माझ्याकडे?’ हा प्रश्न पहिल्या पाच आठवड्यांत रोज होता. उंच्याच्या अ‍ॅनिमेटरने काच स्वतःच्या पात्रासोबत काढली, बुटक्याच्या अ‍ॅनिमेटरनेही काढली, आणि कंपॉझिटिंगमध्ये दोन काचा. एक पुसली की उरलेल्या काचेवर दुसऱ्याचे हात तरंगायचे.

उपाय ब्लेंडर या त्रिमित संगणकप्रणालीतून आला. काच म्हणजे चार कोपऱ्यांचा सपाट पृष्ठभाग. लेआउटवाल्याने तो त्रिमित अवकाशात हलवला, कडा रेषेत रेंडर केल्या आणि चित्रमालिका म्हणून दोन्ही अ‍ॅनिमेटरांना दिली. ती कुलूप लावलेल्या लेयरवर ठेवायची आणि हात त्यावर बसवायचे. द्विमित चित्रकाराला फिरणाऱ्या आयताचा यथार्थदर्शन-हिशेब हाताने सांभाळणं कंटाळवाणं आणि चुकीला निमंत्रण देणारं असतं. संगणकाला ते फुकट जमतं.

तरी पहिल्या शॉटमध्ये बोटं काचेवर घसरत होती. त्रिमित काच प्रत्येक फ्रेमला हलत होती आणि पात्र दोनवर होतं. म्हणजे फ्रेम १ ला हात काचेवर अचूक, फ्रेम २ ला हात तिथेच आणि काच पुढे. ब्लेंडरच्या एफ-कर्व्ह मॉडिफायरमध्ये (हालचालीचा आलेख बदलणाऱ्या सोयीत) ‘स्टेप्ड इंटरपोलेशन’ आहे. त्यात पायरी २ ठेवली की काचही दोनवर चालते. पण घसरण निम्मीच गेली. पात्रांची चित्रं १, ३, ५ या विषम फ्रेमवर बदलत होती आणि काचेची पायरी सम फ्रेमवर. त्याच मॉडिफायरमधल्या ऑफसेटने काच एका फ्रेमने सरकवली आणि हात चिकटले. अशी चूक प्ले करून पाहताना नुसती ‘काहीतरी बिनसलंय’ इतकीच वाटते. एकेक फ्रेम पुढे नेल्याखेरीज सापडत नाही.

क्रम असा ठरला. प्रत्येक शॉटच्या माथ्यावर लिहायचं की काच कुणाच्या निर्णयाने हलते आहे. तो ‘पुढचा’. आधी पुढच्याच्या की-पोज आणि काचेचा मार्ग, त्यांना मंजुरी, मगच मागच्याची चित्रं. मागच्याने तीन-चार फ्रेम उशिरा प्रतिसाद द्यायचा. दोघं एकाच वेळी हलले तर ती ओढाताण वाटत नाही, कवायत वाटते.

चालण्याच्या चक्रात आणखी एक गंमत झाली. चक्र २४ फ्रेमचं, प्रत्येक पाऊल १२ फ्रेमचं. सुरुवातीला दोघांची पावलं जुळत नाहीत, म्हणून काच झोपाळ्यासारखी वरखाली झुकते. शेवटी जुळतात आणि काच सपाट राहते. कथेतली मैत्री एवढ्यावरच उभी आहे. पावलं बेताल दाखवण्यासाठी एक चक्र १२ फ्रेमने सरकवलं, तर काच झुकलीच नाही. कारण शरीर एका चक्रात दोनदा खाली जातं, दर पावलाला एकदा. १२ फ्रेम सरकवले तर एकाचा डावा पाय आणि दुसऱ्याचा उजवा एकत्र पडतात, पण दोघांची शरीरं अजूनही एकदमच खाली. ६ फ्रेम सरकवल्यावर एक खाली असताना दुसरा वर आला आणि काच डोलू लागली. नवं चित्र एकही नाही, फक्त सहा फ्रेमांचा फरक.

त्याच शॉटमध्ये पावलं जमिनीवरून घसरत होती, कारण पार्श्वभूमीचा पॅन प्रत्येक फ्रेमला सरकत होता आणि पाय दोनवर. पॅन दोनवर नेला की पार्श्वभूमी धक्क्याधक्क्याने सरकते. म्हणून चक्रच एकवर, म्हणजे दर फ्रेमला एक चित्र असं, काढलं, २४ चित्रं. एकदाच काढायची असल्याने परवडलं.

फायली, ध्वनी आणि इतर कटकटी

समन्वयकाची रील कधीच रिकामी नव्हती: आधी अ‍ॅनिमॅटिक, मग त्या जागी की-पोज, मग टाय-डाउन, मग रंगीत शॉट. चित्रपट कोणत्याही दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहता यायचा. शॉटना क्रमांक दहाच्या टप्प्याने दिलेले, ०१०, ०२०, ०३०, म्हणजे मध्ये शॉट घुसला तर ०२५ देता येतो. फायलीच्या नावात शॉट, विभाग आणि तीन अंकी आवृत्ती. ‘फायनल’ हा शब्द नावात वापरायला मनाई, कारण त्यानंतर ‘फायनल २’ आणि ‘खरंच फायनल’ येतातच.

एका अ‍ॅनिमेटरची फाइल २५ फ्रेमवर निघाली. पाच सेकंदांचा शॉट १२० ऐवजी १२५ फ्रेमचा झाला आणि काचेच्या मार्गदर्शक मालिकेशी शेवटी पाच फ्रेमने चुकला. तेव्हापासून रिकामी साचा-फाइल समन्वयकच द्यायचा: २४ फ्रेम, १९२० गुणिले १०८०, लेयरची नावं आधीच लिहिलेली.

कंपॉझिटिंगमध्ये रेषांभोवती काळसर कड आली. पारदर्शक चित्रं प्रीमल्टिप्लाय करून (रंग पारदर्शकतेने आधीच गुणून) निर्यात झाली होती आणि आत घेताना ‘स्ट्रेट’ (न गुणलेली) म्हणून वाचली जात होती. एक खूण बदलली की कड जाते, पण कुणाच्या लक्षात येईपर्यंत चौदा शॉट त्या कडेसह रेंडर झाले होते. काचेचं प्रतिबिंब आधी ४० टक्के अपारदर्शकतेवर होतं, आणि काच आरसा वाटत होती. ती १५ वर आणली आणि एक तिरपा उजेडाचा पट्टा काचेच्या हालचालीच्या उलट दिशेने सरकवला, तेव्हा ती काच झाली.

संगीताचं नुकसान सर्वांत वाईट. संगीतकाराला दहाव्या आठवड्यात ३:४० चं अ‍ॅनिमॅटिक दिलं गेलं होतं आणि त्याने प्रामाणिकपणे तेवढं संगीत रचलं. २:३५ झाल्यावर ते कापून बसवलं तर ताल मधेच तुटायचा. त्याला सगळं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या वेळी ठोक्यांच्या जागा फ्रेमसह लिहून दिल्या आणि ध्वनिफायलींच्या सुरुवातीला, पहिल्या फ्रेमच्या बरोबर ४८ फ्रेम आधी, एका फ्रेमचा ‘बीप’ ठेवला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. जुळणी ऐकताक्षणी कळते.

श्रेयनामावलीचा वाद एकविसाव्या आठवड्यात उद्भवला, तो दुसऱ्याच आठवड्यात मिटायला हवा होता. मूळ कल्पना रंगाच्या मुलीची होती, दिग्दर्शन दुसरीचं. ‘कथा’ आणि ‘दिग्दर्शन’ वेगळं लिहिलं, प्रत्येक शॉटवर कुणी काय केलं याचा तक्ता जोडला, आणि आपापल्या शोरीलमध्ये (कामाच्या नमुन्यांच्या चित्रफितीत) कुणी कोणते शॉट केव्हापासून वापरायचे तेही लेखी ठरलं. दोन दिवस त्यात गेले आणि ते दोन दिवस राखीव आठवड्यांतून आले.

कसा झाला

विसाव्या आठवड्याच्या शेवटी ३३ पैकी ३१ शॉट टाय-डाउनला मंजूर होते. उरलेल्या दोनपैकी एक कापला. दुसऱ्यात काच दाराच्या चौकटीतून आत जायची होती, दिग्दर्शिकेच्या ठेवलेल्या दोनांपैकी तो एक. तो न काढता रिकामं दार आणि आतून येणारा काचेचा आवाज ठेवला: पातळ पत्र्यासारखा थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. पार्श्वभूमी आधीच तयार होती.

मोठ्या पडद्यासाठी डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत) करताना कळलं की ‘फ्लॅट’ चौकट १९९८ गुणिले १०८० ची असते आणि चित्रं १९२० ची. ताणायचं नाही असं ठरलं. दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहिल्या आणि अंधारात कुणाला दिसल्या नाहीत.

शॉट २७० मध्ये बुटक्याचा डावा अंगठा फ्रेम ६१ आणि ६२ ला काचेपासून सुटलेला आहे. सूचना-यादीत त्याची नोंद आहे, ‘वेळ उरला तर’ या खुणेसह. वेळ उरला नाही, आणि अंगठा तसाच आहे.